पाच मैलांच्या आत

नियम एका ओळीचा होता: शिक्षकाने शाळेपासून पाच मैलांच्या आत राहिले पाहिजे. एवढ्याशा ओळीनं माणसाची झोप उडवावी हे हायम झिराडकरला काही पटत नसे. तो पनवेलच्या तार ऑफिसात होता. शब्द कमी असले की भानगडही कमी, असा त्याचा तिथला अनुभव. 'ताबडतोब निघा' एवढं वाचून लोक निघतात आणि पोचतातही. पण या ओळीत निघायचं कुठून, पोचायचं कुठे आणि मोजायचं कुणी, यातलं काहीच नव्हतं.

शाळा करंजपाड्याला नवी निघाली होती, नेऱ्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. तिथे विज्ञान शिकवायला हायमच्या बायकोची, झिल्पाची, निवड झाली होती. झिल्पा मुंबईला बी.एस्सी. झालेली. लग्न होऊन पनवेलला आल्यापासून तिचं सगळं शास्त्र दुधातलं पाणी ओळखण्यात चाललं होतं. नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी तिनं ते दोनदा वाचलं आणि भाकऱ्या थापायला बसली. पण त्या दिवशीच्या भाकऱ्या इतक्या गोल झाल्या की हायम काय ते समजला.

आता शिक्षण खात्याच्या तपासनिसांनी एवढाच दाखला द्यायचा होता, की झिराडकरांचं घर शाळेपासून पाच मैलांच्या आत आहे. नसेल तर झिल्पानं करंजपाड्याला बिऱ्हाड करायचं, नाहीतर नोकरीवर पाणी सोडायचं. बिऱ्हाडाचा प्रश्नच नव्हता. हायमच्या आईला, मिरियमबाईंना, मोतीबिंदूमुळे दारातला माणूसही आवाजावरून ओळखावा लागे. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विसाव्याचा, दिवा लावायला घरात झिल्पाशिवाय दुसरी डोळस बाई नव्हती. म्हणजे सगळं त्या पाच मैलांवर अडलं होतं.

आणि अंतर कुणालाच ठाऊक नव्हतं. रस्ता कच्चा, त्यावर मैलाचा दगड नाही. हायमनं दहा जणांना विचारलं. एक म्हणाला चार, एक म्हणाला सहा, एक म्हणाला, "हे काय, इथंच तर हाय!" शेजारचे काशिराम मिठागराच्या खात्यातून निवृत्त झालेले, जन्म मिठाची मापं घालण्यात गेलेला. ते म्हणाले, "हायमभाऊ, मोजायचंच असेल तर मागच्या दारापासून मोजा. तेवढंच अंगण वाचेल."

"अंतर लोकांना विचारायचं नसतं," झिल्पा म्हणाली. "मोजायचं असतं."

या वाक्यावर हायमनं सायकलला मीटर बसवायचं ठरवलं.

सायकल झिल्पाची होती. मुंबईत कॉलेजला असताना ती चालवायला शिकली होती आणि शाळेला सायकलवरूनच जाणार होती. सायकल बायकांची, मधला दांडा नसलेली, मागच्या चाकावर जाळी लावलेली; पण उंच, ऐटबाज. हायमनं मुंबईहून मीटर आणला. घड्याळाएवढी तबकडी, तिच्यावर ताशी चाळीस मैलांपर्यंत आकडे, त्यांवर फिरणारा तांबडा काटा. खाली एका खिडकीत किती मैल झाले ते दिसायचं, आणि बाजूच्या चावीनं ते शून्यावर आणता यायचं. चाळीसचा आकडा ऐकून मिरियमबाईंनी विचारलं, "एवढ्या जोरात जायची काय गरज?" त्यांना तो आकडा हायमनं वाचून दाखवला होता. वाचायला नको होता.

मीटर बसवला सायकलवाल्या आनंदानं. सायकल दुरुस्तीत आनंदाचा हात धरणारा पनवेलात कोणी नव्हता, पण मीटर त्यानं जन्मात पाहिला नव्हता, आणि हे कबूल करायला तो तयार नव्हता. पुढच्या चाकाच्या आसाला एक दातेरी चकती बसवायची, तिच्यातून तार वर तबकडीपर्यंत न्यायची, एवढंच काम. आनंदानं चकती बसवली, तार हँडलला तीन वेढे देऊन वर नेली, आणि चाक फिरवलं. काटा हलला नाही. खिडकीतले आकडे मात्र शून्यावरून नऊशे नव्याण्णववर गेले आणि तिथून एकेक कमी होऊ लागले.

"उलटा चाललाय," हायम म्हणाला.

"नवा आहे," आनंदा म्हणाला. "वळण लागेल हळूहळू."

दुकानासमोर माणसं जमली होतीच. काशिराम पुढे होऊन म्हणाले, "अहो, मग काढता कशाला? जेवढं जाल तेवढं अंतर कमी होतंय. असा मीटर शोधून सापडायचा नाही!"

चकती दुसऱ्या बाजूनं बसवल्यावर मीटर सुलट चालू लागला. बायकांची सायकल, वर तांबड्या काट्याची तबकडी, आणि सायकलीवर तारबाबू झिराडकर. हे दृश्य पाहायला करंजपाड्यापर्यंत वाटेवरच्या प्रत्येक वाडीतलं कोणी ना कोणी बाहेर आलं. तिकडून परतला तो हायम दारातूनच ओरडत आला.

"साडेचार! साडेचार आणि वर अगदी किंचित!"

गल्लीला बातमी कळायला वेळ लागला नाही, कारण हायमनं ती स्वतःच प्रत्येक दारात पोचवली. घरी आला तेव्हा झिल्पा सायकलीपाशी उकिडवी बसून चकतीची पाठ भिंगातून पाहत होती.

"हिच्यावर सव्वीस लिहिलंय," ती म्हणाली.

"असेल. किंमत असेल जुनी."

"सव्वीस इंची चाकासाठी आहे ही. आपलं चाक अठ्ठावीस."

"मग?"

"आपलं चाक मोठं, म्हणून एका फेरीत जास्त पुढे जातं. मीटरला ते कळत नाही. तो कमी दाखवतो." तिनं मनातल्या मनात हिशेब केला. "खरं अंतर चार पूर्णांक नऊ दशांश."

हायम ओटीवर बसला. मग एकदम उठला. "म्हणजे पाचाच्या आतच की!"

"आहे ना आत."

"मग झालं तर!"

"पण मीटर चूक आहे."

"झिल्पा, उत्तर पाचाच्या आत आहे. मग मीटर काय म्हणतो त्याच्याशी आपल्याला काय करायचंय?"

"उत्तर बरोबर आणि रीत चूक असली की मी पोरांचे अर्धे गुण कापणार आहे," झिल्पा शांतपणे म्हणाली. "तिथे जाण्यासाठीच चुकीचा मीटर लावू?"

कुंपणापलीकडून काशिराम म्हणाले, "सूनबाई, चाळीस वर्षं मीठ मोजलं मी. माप थोडं आपल्याकडे झुकलं तर त्यात पाप नसतं."

"झुकलेलं माप माप नसतं, काका," झिल्पा म्हणाली, आणि आत गेली.

हायम दुसऱ्या दिवशी रजा टाकून पुन्हा मुंबईला गेला. ज्या ज्या दारात 'साडेचार' सांगितलं होतं तिथून लोक विचारत, "काय हो, पुन्हा कुठे?" आणि त्याला खोटं बोलण्याची सवय नसल्यामुळे तो फक्त हात हलवी. अठ्ठावीस इंची चकती घेऊन तो आला आणि आनंदानं ती बसवली. या वेळी उलटी बसवली नाही, हेही आनंदानं सगळ्यांना सांगितलं.

तरी झिल्पाचं समाधान होईना. चकतीवर अठ्ठावीस लिहिलंय म्हणून ती अठ्ठावीसाची, हे तिला पुरेसं नव्हतं. तिला मीटर पारखायचा होता, आणि पारखायला ज्याचं माप पक्कं आहे अशी जागा हवी होती. ती होती मुंबई-पुण्याच्या हमरस्त्यावर, जिथे मैलाचे दगड होते. हायम म्हणाला, दोन दगडांमधलं अंतर बघू, म्हणजे झालं.

"रस्ता दुरुस्त करताना एखादा दगड सरकलेला असतो," झिल्पा म्हणाली. "एक दगड खोटं बोलेल. पाच दगड मिळून बोलणार नाहीत."

म्हणून मग पहाटे पाच दगड. हायमनं सायकल रस्त्याच्या कडेनं, सरळ रेषेत, एका गतीनं चालवायची होती. मागून मालट्रक आला की सरळ रेषेत राहायला काय काळीज लागतं ते पाच दगडांमध्ये हायमला चांगलंच समजलं. दुसरा दगड खरोखरच सरकलेला निघाला. पण पाचव्या दगडापाशी मीटर बरोबर चार मैल दाखवत होता. झिल्पानं हसून मान डोलावली. लग्नात सुद्धा ती इतक्या समाधानानं हसली नव्हती, असं हायमला वाटून गेलं.

मग त्याच नीट पारखलेल्या मीटरनं हायम पुन्हा करंजपाड्याला जाऊन आला. चार पूर्णांक नऊ. झिल्पाच्या हिशेबाइतकंच.

पाचाला एक दशांश कमी. एक दशांश मैल म्हणजे इथून आनंदाच्या दुकानापर्यंत. हायमला रात्रंदिवस तो एक दशांश दिसू लागला. तार घेताना तो मैल आणि दशांश पुटपुटे. काशिरामांनी सल्ला दिला, "चाकात हवा भरा गच्च. चाक फुगलं की मोठं होतं, फेऱ्या कमी लागतात. सूनबाईंनीच नाही का सांगितलं!" हायमला हे शास्त्राला धरून वाटलं. त्यानं गुपचूप मागच्या चाकात पंप मारमारून हवा भरली. दोन दिवस भरली. तिसऱ्या दिवशी झिल्पा भांडी घासता घासता म्हणाली, "मीटर पुढच्या चाकाला आहे."

तपासनीस धामणकरसाहेब शुक्रवारी यायचे होते. पनवेलचा मुक्काम आटोपून दुसऱ्या दिवशी ते उरणला निघणार होते. शुक्रवारी दाखला झाला नाही तर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावणं जाणार, हे शाळेनं आधीच कळवलं होतं. आणि झिराडकरांच्या घरात शुक्रवारी संध्याकाळी एकदा दिवा लागला, की शनिवारचे तारे दिसेपर्यंत लेखणी नाही, चूल नाही, चाक नाही. त्यामुळे दाखल्यावर झिल्पाची सही व्हायची ती सूर्य असेपर्यंत. हायम सकाळी उठला तो सूर्याकडे बघतच उठला. जेवढा हवा तेवढाच होता.

त्या सकाळी त्यानं एक शेवटची चूक केली. पुढच्या चाकात पंपाचे दोनच हात जास्त मारले. तिसरा हात मारायच्या आत ट्यूब अशी फुटली की पलीकडे काशिरामांच्या हातातला चहा सांडला.

"अहो, काय केलंत?" झिल्पा बाहेर आली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली.

नवी ट्यूब, पुन्हा आनंदा. नवी ट्यूब म्हणजे नवी पारख. आत मटणाचा रस्सा अर्धा शिजत ठेवून झिल्पानं अंगणात टायरवर खडूची खूण केली, चाक दहा फेऱ्या सरळ फिरवलं, आणि जमिनीवरच्या खुणा मोजल्या. माप जुळलं. तिनं हात धुतले आणि रश्शात मीठ घातलं. हायमला कपाळावरचा घाम पुसायला दोन पंचे लागले.

धामणकरसाहेब दुपारच्या जेवणाआधी यायचे, ते विश्रांतीनंतर आले. धिप्पाड माणूस, बंद गळ्याचा कोट, आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचेल असा. सायकल पाहून ते थबकले.

"ही बायकांची आहे."

"हो साहेब, पण मीटर पारखलेला आहे," हायम म्हणाला. "मी चालवतो, आपण माझ्या सायकलीवरून..."

"तुम्ही? झिराडकर, तुम्ही हितसंबंधी माणूस. मोजमाप खात्याच्या माणसानंच करायचं." साहेबांनी कोटाचं बटण लावलं. "पुण्यात कॉलेजला होतो तेव्हा सायकलशिवाय पाऊल टाकत नव्हतो मी."

हायमनं साहेबांच्या देहाकडे आणि कॉलेजनंतर लोटलेल्या वर्षांकडे एकदम पाहिलं.

"साहेब, एक विनंती आहे," झिल्पा दारातून म्हणाली. "एकदाच मोजलेलं खरं धरू नये. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा मोजून निम्मं धरावं. मी अर्जात तसं लिहिलंय."

"लिहिलंय खरं," साहेब अर्ज पाहत म्हणाले. "हरकत नाही. यायचं तर आहेच."

झिल्पानं चावी फिरवून मीटर शून्यावर आणला. साहेब चढले. पहिल्याच वळणावर पुढचं चाक एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे गेलं. हायम स्वतःच्या सायकलीवरून मागे होता आणि त्याला धुळीत समोर जे उमटत होतं ते स्पष्ट दिसत होतं. साप गेल्यासारखी रेघ. मागचं चाक त्यातल्या त्यात सरळ, पुढचं नुसतं नागमोडी. मीटर पुढच्या चाकाला. प्रत्येक वळसा खिडकीत जमा होत होता.

खरा घात काट्यानं केला. साहेबांची नजर रस्त्यावर नव्हतीच, ती तबकडीवर होती. "सात!" ते ओरडले. "झिराडकर, सात!" जरा उतार लागला की "नऊ! नऊवर गेलाय!" आणि काटा खाली आला की ते सगळ्या अंगानं पेडल मारत, आणि चाक आणखी झोकांड्या खाई.

"साहेब, जरा सरळ," हायम मागून म्हणाला.

"काय?"

"सरळ रस्ता आहे, म्हटलं!"

"उत्तम रस्ता आहे!" साहेब म्हणाले, आणि एका सुक्या नाल्याला वळसा घालून पुन्हा रस्त्यावर आले.

शाळेच्या दारात त्यांनी पाय टेकले आणि मीटर वाचला. "पाच पूर्णांक एक दशांश." त्यांचा आवाज मऊ झाला. "वाईट वाटतं, झिराडकर."

हायमनं वाकून तो आकडा स्वतः वाचला. तुम्ही सरळ चालवत नाही, हे तपासनिसाला कुठल्या शब्दांत सांगायचं? तारेत सांगायचं तर दोन शब्द पुरले असते. पण ते शब्द पाठवून झिल्पाची नोकरी राहिली नसती. "येतानाचं मोजायचंय अजून," एवढंच तो म्हणाला.

मुख्याध्यापकांनी चहा केला. चहा उकळायला वेळ लागला. मग चिवडा आला. मग साहेबांनी फळा कुठे लावावा याबद्दल मत दिलं. हायम खिडकीपाशी उभा राहून सूर्याला मनातल्या मनात विनवत होता, जरा हळू, आज जरा हळू. देवाकडे त्यानं कधी असं काही मागितलं नव्हतं. सूर्यावरही त्याचा काही उपकार नव्हता. तरी तो सांगत राहिला.

परतताना साहेब ताजेतवाने होते, म्हणजे जास्तच नागमोडी. हायम पेडल मारता मारता बेरीज करत होता. येतानाही पाच पूर्णांक एकच होणार. निम्मे करून पाच पूर्णांक एक. दहा मैल घाम गाळून पुढच्या उमेदवाराला बोलावणं.

गाढी नदीच्या काठचा उतार आला. पनवेलची पहिली घरं समोर दिसत होती. काटा चढू लागला.

"बारा!" साहेब ओरडले. "चौदा! झिराडकर, सोळा!"

"साहेब, म्हशी!"

"अठरा!"

म्हशी डबक्यातून नुकत्याच बाहेर येत होत्या. त्यांतल्या पहिलीनं साहेबांकडे पाहिलं आणि ती तिथेच उभी राहिली. साहेबांनी तिला चुकवलं हे मान्य करायला हवं. डबक्याला चुकवलं नाही. हायम पोचला तेव्हा धामणकरसाहेब कमरेपर्यंत चिखलात बसले होते, आणि सायकलीचं पुढचं चाक आठच्या आकड्यासारखं झालं होतं. काट्यानं शून्यावर येऊन मान टाकली होती.

वीटभट्टीची रिकामी बैलगाडी घेऊन गाडीवान जैतू पलीकडून येत होता. त्यानं बैल थांबवले.

"सायेब, पडला कसा? रस्ता तर सरल हाय."

"काही झालेलं नाही," साहेब चिखलातून म्हणाले.

"आमी बघला ना. म्हशीनं तर काय केला नाय."

त्यानं आणि हायमनं मिळून साहेबांना गाडीत बसवलं, सायकलही वर टाकली. हायमनं स्वतःची सायकल गाडीमागे बांधली. साहेब विटांच्या लाल धुळीत बसले होते. मग खालच्या आवाजात म्हणाले, "झिराडकर. हे अलिबागेला... म्हणजे ऑफिसात. एवढं बोललो होतो मी सायकलीबद्दल."

"मी काही बोलणार नाही साहेब."

"गाडी कोपऱ्यावर थांबवा. तिथून मी हातात धरून नेतो."

"आमी पन काय सांगनार नाय," जैतू म्हणाला. "पन म्हशीवाला सांगंल."

हायमनं मीटरच्या खिडकीत डोकावलं. नऊ पूर्णांक आठ दशांश. जाताना पाच पूर्णांक एक. म्हणजे येताना चारच पूर्णांक सात, कारण उरलेला रस्ता बैलांनी चालायचा होता आणि बैलांना मीटर नव्हता. निम्मे केले की चार पूर्णांक नऊ. झिल्पानं आठवड्यापूर्वी काढलेलं उत्तर, दशांशासकट.

तो पुन्हा पुन्हा निम्मे करून पाहत राहिला. प्रत्येक वेळी तेच आलं.

कोपऱ्यावर साहेब उतरले. पुढचं चाक उचलून, मागच्यावर सायकल ढकलत ते दारात आले. झिल्पा ओटीवर उभी होती, तिच्या मागे दौत, टाक आणि दाखल्याचा कागद मांडून ठेवलेला. समोर गाडीची चाकं बनवणाऱ्या सुतारांच्या पडवीला सूर्य टेकला होता.

"नऊ पूर्णांक आठ!" साहेब मोठ्यानं म्हणाले, चिखलाबद्दल कुणी विचारायच्या आत. "निम्मे चार पूर्णांक नऊ. पाच मैलांच्या आत. अभिनंदन, बाई!" आणि त्यांनी उभ्या उभ्याच दाखला भरून सही ठोकली.

कुंपणावरून काशिराम टाळ्या वाजवू लागले. झिल्पानं आठ झालेलं चाक पाहिलं. साहेबांच्या कोटावरचा चिखल पाहिला, आणि चिखलावर बसलेली विटांची लाल धूळ. मग ती वाकून दारासमोरच्या धुळीत उमटलेली, दुपारी जातानाची ती नागमोडी रेघ पाहू लागली. तिला सगळं समजलं होतं. भिंग सुद्धा लागलं नव्हतं.

"हे चाक शेवटपर्यंत फिरत होतं का?" तिनं विचारलं.

साहेबांनी दाखल्यावर बोट ठेवलं. "बाई, आकडा बघा ना."

"आकडा बरोबर आहे," झिल्पा म्हणाली. "म्हणूनच विचारते."

"झिल्पा, सही," हायम म्हणाला.

तिनं सही केली. हायमनं डोळे मिटले. उघडले तेव्हा टाक अजून तिच्या हातात होता आणि ती कागदाच्या तळाशी पाहत होती. तिथे एक रकाना होता. त्यावर लिहिलं होतं, 'अर्जदाराचा शेरा'.

"मला शेरा लिहायचाय," झिल्पा म्हणाली.

"शेरा कुणी लिहीत नाही, बाई," साहेब घाईनं म्हणाले. "रकाना आहे, एवढंच."

"रकाना आहे तर लिहायला हवा."

दिवसभर ज्या सूर्याला हायमनं थांब म्हणून विनवलं होतं, त्याच्याकडे त्यानं आता असं पाहिलं, की शक्य असतं तर हातानं खाली ओढला असता. जा. जा ना आता. सूर्य पडवीच्या कौलांमागे अर्धा गेला होता, पण अर्धा राहिला होता. झिल्पानं टाक बुडवला. ती लिहिण्याआधी वाक्य मनात जुळवी. हायमला तिची सवय ठाऊक होती. ती जुळवत होती. अक्षर सुंदर, सावकाश. 'सदर', तिनं लिहिलं. शाई वाळली होती; तिनं पुन्हा टाक बुडवला. 'मापात', तिनं लिहिलं.

कौलांवर आता नुसती तांबडी कड उरली होती.

"झिल्पा!" आतून मिरियमबाईंचा आवाज आला. त्यांना सूर्य दिसत नसे. अंगावरचं ऊन गेलं की त्यांना कळे. "अगं, दिवा!"

झिल्पाचा हात थांबला. तिनं कौलांकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. तिसऱ्या शब्दासाठी टाक बुडवलेला होता. टोकाला शाईचा थेंब जमला होता. हायमनं आयुष्यात इतकं निश्चल काही पाहिलं नव्हतं. मग तिनं टाक दौतीच्या कडेला निपटला, पुसला, आणि खाली ठेवला.

"आले, आई," ती म्हणाली.

तिनं डोक्यावरून पदर घेतला. आत टांगलेल्या पेल्यातल्या तेलावर वात तरंगत होती. झिल्पानं ती लावली, डोळ्यांवर हात धरले, आणि तिचा ओठांतल्या ओठांतला आशीर्वाद संपेपर्यंत ओटीवर कुणी बोललं नाही. साहेबांनी हळूच कागदाची घडी केली, कोटाच्या कोरड्या खिशात घातली, आणि नमस्कार करून ते चालू लागले. थोडे लंगडत होते, पण अगदी सरळ रेषेत.

"अर्धाच लिहिलाय तिनं," हायम काशिरामांना कुजबुजला.

"अर्धा शेरा म्हणजे शेराच नाही," काशिराम म्हणाले. "झोपा निवांत."

हायम निवांत झोपला नाही, पण जूनमध्ये शाळा उघडली आणि झिल्पा सायकलवरून करंजपाड्याला जाऊ लागली. आनंदानं चाक सरळ करून दिलं होतं. ती रस्त्याच्या कडेनं, एका रेषेत, एका गतीनं जाई. शाळेच्या दारात मीटर रोज चार पूर्णांक नऊ दाखवी.

भर पावसात खात्याचं पत्र आलं. हायमनं ते फोडलं आणि मोठ्यानं वाचलं. 'अर्जदाराच्या शेऱ्यातील "सदर मापात" हे वाक्य अपुरे आहे. पूर्ण करून पाठवावे.'

तो सोमवार होता. सूर्याकडे पाहून उपयोग नव्हता. झिल्पानं टाक घेतला. तिला वाक्य जुळवायला वेळ लागला नाही. ते दीड महिना तयारच होतं. 'सदर मापात दोन चुका आहेत. उत्तर बरोबर आहे.'

हायमनं सवयीनं शब्द मोजले. "पहिलं वाक्य गाळलं तर?" त्यानं आशेनं विचारलं.

"मग दुसऱ्याला काय अर्थ उरला?"

त्यानं स्वतःच्या हातानं ते पाकीट टपालात टाकलं. मग रोज टपाल आलं की तो इतरांआधी पिशवीपाशी जाऊन उभा राहू लागला. झिल्पा शाळेत जात राहिली. ओढ्याला पाणी असेल तेव्हा सायकल खांद्यावर घेऊन. शेवटी उत्तर आलं. हायमनं ते तार ऑफिसच्या मागे, पागोळ्यांखाली उभं राहून वाचलं.

'शेरा पूर्ण झाला. प्रकरण बंद.'

तो पुन्हा आत येऊन आपल्या यंत्रापाशी बसला. खात्याची एखादी ओळ त्याला पहिल्यांदाच पटली होती.